उरलेली ट्यूब

मिस्त्रींच्या घरात कुठलीही वस्तू एका जन्मात मरत नसे. दात घासायचा ब्रश फिसकारला की तो कार्ब्युरेटर घासायला जाई. उशांचे अभ्रे विरले की त्यांचे चौकोनी तुकडे होऊन गॅरेजच्या खिळ्याला लटकत. मुलीच्या लग्नात मिस्त्रीणबाईंनी हौसेने एक लाल नेलपॉलिश आणलं होतं. ते एकदा त्यांच्या नखांना लागलं आणि पुढची नऊ वर्षं आवळून झालेल्या बोल्टांवर ठिपके देण्यात संपलं. वाहतूक उलट दिशेनेही चाले. कपाटाच्या बिजागऱ्यांना गाडीचं ग्रीस असे, आणि ओट्यावर चमचे ठेवायला एका जुन्या इंजिनाचा पिस्टन, उलटा करून, उकळत्या पाण्यात तीनदा धुतलेला. पाहुणे त्याचं कौतुक करत. "छान आहे हो भांडं, कुठं मिळालं?" मिस्त्रीणबाई म्हणत, "ह्यांच्या माहेरचं."

गॅरेज म्हणजे घराचीच पुढची खोली. मधलं दार कधी लागलं असेल तर ते मिस्त्रीणबाईंना आठवत नव्हतं. त्या दारातून त्या तीस वर्षं हात पुसत ये-जा करत होत्या, कारण इंजिन तपासताना मिस्त्रींना आणखी एक पाय लागे. "अगं, ये गं जरा," अशी हाक आली की गॅस बारीक करून जायचं, गाडीत बसायचं आणि अॅक्सिलरेटरवर पाय ठेवायचा. "दे," म्हटलं की दाबायचा. "सोड," म्हटलं की सोडायचा. "धर तिथंच," म्हटलं की धरून ठेवायचा, मग आत दूध उतू जावो नाहीतर आणखी काही. "आमचा संसार या तीन शब्दांवर झाला," असं त्या शेजारणींना सांगत. गावातल्या निम्म्या गाड्यांचा अॅक्सिलरेटर त्यांच्या पायाला ओळखीचा होता. गाडी मात्र त्यांना चालवता येत नव्हती. शिकवायचं दर वर्षी ठरत होतं.

आक्कांना मात्र मिस्त्रींनी शिकवलं. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, मिस्त्रीणबाईंची नणंद, सरकारी प्रसूतिगृहातली नर्स. यजमान गेल्यावर बावन्नाव्या वर्षी त्यांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि गोदामामागच्या मोकळ्या जागेत आठ दिवसांत शिकल्या. त्यात डांबराची दोन पिंपं कामी आली. नवव्या दिवशी त्या एकट्याच गाडी घेऊन ड्युटीवर गेल्या आणि मिस्त्री संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसले.

लग्न होऊन आल्यावर पहिली काही वर्षं मिस्त्रीणबाई या नणंदेला वाघासारख्या भीत. आक्का आल्या की फळीवरून बोट फिरवत आणि ते बोट काही न बोलता उजेडात धरत. पुढे दुसऱ्या बाळंतपणात मिस्त्रीणबाईंचं दुखणं विकोपाला गेलं, तेव्हा आक्का अकरा दिवस त्यांच्या खाटेशी बसून होत्या. अकरा दिवसांत एक गोड शब्द काढला नाही. रोज सकाळी केस विंचरून वेणी घालत, इतकी घट्ट की भुवया वर ओढल्या जात. "मरायचं असेल तर नीट विंचरून मर," असं त्या म्हणाल्या होत्या. ते ऐकून मिस्त्रीणबाई हसल्या, आणि टाके दुखले म्हणून रडल्या. त्या दिवसापासून भीती गेली ती गेलीच.

निवृत्त झाल्यावर आक्कांनी बुधवार धरला. दर बुधवारी दुपारी त्यांची पांढरी गाडी दारात येऊन दोनदा हॉर्न वाजवी आणि दोघी निघत. कुठेही नाही. गावाबाहेरच्या तलावापर्यंत जायचं, काचा खाली करायच्या, शेंगदाणे खायचे आणि घरच्या सगळ्यांची बिनपाण्याने करायची. कामाशिवाय, कुणाचा दवाखाना नसताना, कुणाच्या लग्नाला जायचं नसताना मिस्त्रीणबाई गाडीत बसत ते आठवड्यातले हे दोन तास. मिस्त्री एकदा म्हणाले, "पेट्रोल जाळून तुम्ही नुसत्या बसता?" आक्का म्हणाल्या, "तू आयुष्यभर पेट्रोल न जाळता बसलास, त्याचं काय?"

त्या वर्षी पावसाळा संपता संपता आक्कांची गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली. यंत्राने दाखवलेला विषारी वायू ठरलेल्या मर्यादेच्या तिप्पट होता. जुन्या गाड्यांना तिथे तीन वेळा तपासून घ्यायची सवलत असे. तिसऱ्यांदाही नापास झाली की नोंदणी रद्द.

मिस्त्रींनी फार मनावर घेतलं नाही. त्यांनी डोळे मिटून धुराच्या नळीला हात लावला, मग आपला जुना काट्याचा मीटर आणला. नव्या मीटरवर आकडे येत, पण मिस्त्री म्हणत, "आकडा नुसता सांगतो. काटा वागून दाखवतो." धुराच्या नळीत बोटाएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरलाय ते तो हुंगतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. बायकोला त्यांनी हे फार पूर्वी एका वाक्यात समजावलं होतं. "हा आमटी चाखणारा माणूस. ह्याची जीभ मेली की आचारी मीठ ओततच राहतो."

मीटरची तार सेन्सरला जोडून त्यांनी हाक मारली. मिस्त्रीणबाई जाऊन बसल्या.

"दे. सोड. धर तिथंच."

चांगल्या सेन्सरचा काटा झोपाळ्यासारखा इकडून तिकडे जातो, सेकंदाला एकदा तरी. हा काटा डावीकडे पेंगत पडला होता. मिस्त्रींनी हवेची एक बारीक नळी उपटून पाहिली, तारा तपासल्या, धुराच्या नळीला कुठे चीर आहे का म्हणून साबणाचं पाणी लावलं. सगळं ठीक. "जीभ मेली," म्हणून त्यांनी जुना सेन्सर काढला आणि नवा बसवला. काटा लगेच झुलायला लागला. तपासणीवाले बाहेरूनही गाडी पाहतात, कुठे तेलाचा ओघळ नको, म्हणून त्यांनी इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण काढून पुन्हा नीट चिकटवून बसवलं. मिस्त्रींचं काम म्हणजे असं. मागितलेलं एक, दिलेली दोन.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या तपासणीची तारीख आली. गाडी पुन्हा नापास झाली. आकडे आधीपेक्षाही वाईट.

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. मीटर लावला तर नवा सेन्सरही पेंगत होता. तीन आठवड्यांत! त्यांनी तो काढून उजेडात धरला. टोकाला पांढरा थर होता.

"काळं असतं तर पेट्रोल जास्त. तपकिरी असतं तर ऑइल," ते पुटपुटले. "पांढरं म्हणजे पाणी. हेडचं पॅकिंग गेलं, रेडिएटरचं पाणी आत जातंय." आणि मग जरा थांबून, "हेड उघडायचं म्हणजे निम्मं इंजिन खोलायचं. या वयाच्या गाडीला... उघडलं तर पुन्हा बंद होईल याचा भरवसा नाही."

तिसरी तपासणी पुढच्या गुरुवारी होती.

आक्कांनी हे ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. त्यांचा मुलगा दूरच्या शहरात होता आणि पाच वर्षं "आई, इकडे ये" म्हणत होता. आक्का त्याला ताकास तूर लागू देत नव्हत्या. आता त्या म्हणाल्या, "ठरलं तर. गाडी पास झाली तर राहते. नाही तर जाते त्याच्याकडे. बिनगाडीची मी इथे काय करू? खिडकीत बसून येणारी-जाणारी माणसं मोजू?"

"आक्का, असं काय," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"असंच. तुझ्या नवऱ्याला सांग, घाईघाईने उघडून टाकू नकोस, पण फार रेंगाळूही नकोस. मला सामान बांधायचं की नाही ते कळू दे."

आणि दुसऱ्या दिवशी त्या आपला मोठा कुकर घेऊन आल्या आणि ओट्यावर ठेवून गेल्या. "तिकडे सुनेकडे आहे," इतकंच म्हणाल्या. मिस्त्रीणबाईंना त्या कुकरकडे बघवेना. त्यांनी त्यावर टॉवेल टाकला.

मिस्त्री गाडीपाशी स्टुलावर बसून राहत. जेवायला बोलावलं की येत, जेवत, परत जाऊन बसत. मंगळवारी ते म्हणाले, "सेन्सरच्या गाड्या घ्यायलाच नको होत्या मी. आपली विद्या कार्ब्युरेटरपर्यंतची. हात दाखवून अवलक्षण." तीस वर्षांत हा माणूस असं बोलल्याचं मिस्त्रीणबाईंनी ऐकलं नव्हतं. काही तरी कडवट उत्तर द्यावं, म्हणजे हे पूर्वीसारखे उसळून भांडतील, असं त्यांना वाटलं. पण त्या स्टुलाशेजारचा रिकामा कप उचलून आत वळल्या.

"या मॉडेलचं हेडचं पॅकिंग मिळतं का तेवढं बघून ये," मिस्त्री म्हणाले. खरेदी त्याच करत. स्पेअरपार्टच्या दुकानात त्यांना मिस्त्रींपेक्षा जास्त मान होता, कारण त्या नमुना बरोबर घेऊन जात. त्या दिवशी त्यांनी तो पांढरा पडलेला सेन्सरच पिशवीत टाकला.

दुकानदाराने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हेड उघडतायत? कशावरून?"

"याच्या टोकाला पांढरं आलंय म्हणून."

त्याने सेन्सर फिरवून बघितला, नखाने खरवडला. "रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय?"

"नाही. मीच बघते रोज. काठोकाठ आहे."

"मग हेड कशाला उघडताय, काकू? पाण्याचा थर खडूसारखा असतो, हिरवट. हे बघा, हे चकाकतंय. काचेच्या चुऱ्यासारखं." त्याने मागच्या फळीवरून एक ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. "सिलिकॉन लावलंय कुठं तरी, साधं. इंजिन तापलं की त्याची वाफ आत ओढली जाते, जळते, आणि हा थर होऊन सेन्सरवर बसते. त्याचं नाक बंद. सेन्सरच्या गाडीला ही वेगळी ट्यूब येते, हिनं काही होत नाही."

"साधं म्हणजे कसलं?"

"अहो, ते बाथरूमचं, सिंकचं. आंबट वास येतो बघा त्याला." आणि तो हसला. "पण मिस्त्री तसं करायचे नाहीत. कुणी दुसऱ्यानं हात लावला असेल."

मिस्त्रीणबाईंनी ती ट्यूब घेतली, झाकणाचं पॅकिंग घेतलं, नवा सेन्सर घेतला, आणि घरापर्यंतचा रस्ता कसा संपला ते त्यांना कळलं नाही.

सिंक सहा वर्षं गळत होतं. सहा वर्षं त्याखाली एक पातेलं होतं, आणि सहा वर्षं त्या सांगत होत्या. गावभरच्या गाड्यांची गळती थांबवणाऱ्या माणसाला स्वतःच्या सिंकसाठी वेळ नव्हता. उन्हाळ्यात एका रविवारी त्यांनी स्वतःच ट्यूब आणून मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवली. मिस्त्रींनी सिंक चिकटवलं, अगदी रेघ मारल्यासारखं. घरभर लोणच्याची बरणी फुटल्यासारखा आंबट वास. त्यांनी खिडक्या उघडल्या. मिस्त्रींना त्याचा पत्ता नव्हता. पेट्रोलमध्ये चाळीस वर्षं काढलेलं त्यांचं नाक, करपलेलं दूधही त्याला कळत नसे. आणि मग ट्यूब निम्मी उरलेली बघून कोण म्हणालं होतं? स्वतःचा आवाज त्यांना रस्त्यात स्पष्ट ऐकू आला. "उघडलेली ट्यूब वाळून जाते हो. आक्कांच्या गाडीचं तेल पाझरतंय म्हणत होतात ना? तिला लावून टाका, वाया कशाला घालवायची?"

त्यांनी लावली. आणि सेन्सर बदलल्यावर झाकण पुन्हा चिकटवलं, तेही त्याच ट्यूबने. उरलं ते सगळं पिळून.

घरी आल्या तर आक्का बसलेल्या, मिस्त्री स्टुलावर. काही न सांगताही भागलं असतं. स्पेअरवाला म्हणतो हेड नको, झाकण बदला, एवढं सांगून पिशवी हातात दिली असती तर मिस्त्रींनी मुकाट्याने केलं असतं. पण मग ते पुढे आयुष्यभर हेच म्हणत राहिले असते, की आपली विद्या कार्ब्युरेटरपर्यंतची.

"अहो," त्या उभ्यानेच म्हणाल्या, "हेड चांगलं आहे. सिंकची ट्यूब लागलीय गाडीला. त्यानं सेन्सर मरतात. आणि ती लावा म्हणून मीच सांगितलं होतं."

मिस्त्रींनी वर बघितलं.  मग ते उठून थेट स्वयंपाकघरात गेले, सिंकच्या कडेवरून बोट फिरवलं, ते नाकाशी धरलं, आणि परत आले.

"वास होता?"

"घरभर होता."

"मला नाही आला." असं म्हणून त्यांनी पाना घेतला आणि झाकणाचे बोल्ट सोडायला सुरुवात केली. झाकण निघालं. आतल्या कडेने, तेलात भिजून फुगलेल्या, पांढुरक्या वळ्या बाहेर आल्या होत्या. एक त्यांनी नखाने ओढली तर वीतभर निघून आली.

आक्का वाकून बघत होत्या. "म्हणजे माझ्या गाडीत मोरी बांधलीत होय रे तुम्ही नवराबायकोनं?"

कुणी हसायच्या आधी मिस्त्रीच हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा. "वडाची साल पिंपळाला, आक्का. दोन सेन्सर मारले मी."

"आपण," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"तू ट्यूब दिलीस. कुठे लावायची ते कळायला मी मिस्त्री आहे ना?" हे ते चक्क ओरडून म्हणाले, आणि त्या ओरडण्याने मिस्त्रीणबाईंच्या जिवात जीव आला.

दुसरा दिवस बुधवार. तलावावर जाणं राहिलं. गॅरेजच्या फरशीवर वर्तमानपत्रं पसरून तिघं बसली. मिस्त्रींनी तेल सोडलं, हवेच्या नळ्या काढून धुतल्या. मिस्त्रीणबाई झाकण खरवडत होत्या. कोपऱ्यातलं बारीक काही निघेना तेव्हा आक्कांनी पर्समधून आपला जुना चिमटा काढला. नोकरी सुटली तरी तो त्यांच्यापासून सुटला नव्हता. दिव्याखाली झाकण धरून त्या एकेक कण वेचत होत्या आणि बोलत होत्या, "श्वास नीट चालायला हवा ना बाळाचा. नाक मोकळं करा आधी. तीन हजार नाकं मोकळी केलीत मी. त्यातलं एक तुझ्या मुलीचं."

"तिला सर्दी असते अजून," मिस्त्री खालून म्हणाले.

"ती तुझ्याकडून. नाकाला तुमच्या घराण्यात अर्थच नाही."

"आक्का, तूही त्याच घराण्यातली."

"म्हणून तर चिमटा बाळगते."

मिस्त्रीणबाईंना पुढे कधी तो काळ आठवला की हीच दुपार आठवे. वर्तमानपत्रावर काळ्या तेलाचे डाग, दारातून तिरपं आलेलं ऊन, आणि तिघांचे हात कोपरापर्यंत काळे. चहा झाला तो कपाचा कान दोन बोटांनी धरून. उद्या काय होणार याची काळजी होतीच, पण दुपार संपू नये असंही वाटत होतं.

नवीन पॅकिंग बसलं, कडेला दोन जागी नव्या ट्यूबचा डाळीएवढा थेंब लागला. नवा सेन्सर आवळला गेला. मिस्त्रींनी मीटर जोडला. हाक मारायच्या आधीच मिस्त्रीणबाई सीटवर होत्या.

काटा उठला, उजवीकडे गेला, डावीकडे आला, उजवीकडे गेला. मिस्त्री बराच वेळ बघत राहिले. "चाखतोय," म्हणाले. पण बसवल्या दिवशी आधीचाही चाखतच होता, अशी शंका तिघांच्याही मनात असणार, कारण कुणी शाबास म्हटलं नाही.

गुरुवारी तपासणी केंद्रावर त्यांचा नंबर अकराला लागला. तिथल्या माणसाने नळीत सळई घातली आणि गाडीत बसून रेस केली. मिस्त्रीणबाईंचा उजवा पाय चपलेतल्या चपलेत आपोआप दाबला गेला. आक्का दुसरीकडे तोंड करून कुंपणावरची वेल बघत होत्या, जणू गाडी परक्याची आहे. यंत्रातून कागद निघाला. त्या माणसाने तो वाचला, पुन्हा यंत्राकडे बघितलं.

"काय केलंत?" त्याने मिस्त्रींना विचारलं. "मागच्या वेळी तर धूर सोडत होती."

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. "सर्दी झाली होती," ते म्हणाले.

शिक्का पडला. आक्कांनी कागद घेतला, चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. पुढे आणखी चार वर्षं ती गाडी पास होत गेली, आणि चार वर्षांचे बुधवार मिस्त्रीणबाईंच्या पदरात पडले. तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा फक्त एका वर्षाचा कागद होता आणि तेवढ्यानेच त्यांचे डोळे भरून आले होते.

"कालचा बुधवार बुडालाय," आक्का दार उघडत म्हणाल्या. "बस गं तू. आणि तू रे, बसने जा घरी."

"मी? गाडी मी दुरुस्त केली ना?"

"म्हणून तर सांगते. बिघडवलीसही तूच. फिट्टंफाट. आणि जाता जाता त्या मुलाला माझ्या फोन कर. म्हणावं, आई येत नाही, तूच ये सुट्टीत."

मिस्त्री फुटपाथवर उभे राहिले. बाजूच्या आरशात मिस्त्रीणबाईंना ते दिसत होते, मान एका बाजूला कलवून जाणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकणारे, लहान लहान होत जाणारे. गाडी चौकात आली. डाव्या दिव्याची टिकटिक चालू होती आणि आक्का उजवीकडे वळल्या. मागून कुणीतरी लांबलचक हॉर्न वाजवला.

"काय घाई असते बाई लोकांना," आक्का म्हणाल्या.  मिस्त्रीणबाईंनी काच खाली केली.